नऊशे बारा शब्दांचे बाबा

बाबांचा आवाज जाणार हे नक्की झालं तेव्हा मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. घसा बसलाय, घसा बसलाय म्हणत चार महिने काढे आणि गोळ्या झाल्या, आणि मग तो कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, जेवेल, हिंडेल-फिरेल, बोलणार नाही. ऑपरेशनला अकरा दिवस होते.

विक्रोळीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये बाबांनी तीस वर्षं काढली होती. मशीनवर आवाज चढवून बोलायची सवय. घरात नुसतं 'पाणी दे' म्हणाले तरी खालच्या मजल्यावर कळायचं. त्या अकरा दिवसांत मात्र ते हळू बोलायला लागले, उरलेलं पुरवून वापरावं तसे. मला ते बघवेना. कॉलेजात तेव्हा व्हिज्युअल बेसिक शिकवत होते आणि मला येत होतं ते तेवढंच. मी म्हटलं, "बाबा, तुमचे शब्द भरून ठेवू या. एकेक सुटा. मी प्रोग्रॅम लिहीन, तुम्ही बटणं दाबायची, तो तुमच्या आवाजात बोलेल."

"किती शब्द लागतत माणसाक?" बाबांनी विचारलं. आमचं गाव मालवणकडचं. माझ्याशी ते निम्मं मालवणी आणि निम्मं शाळेतलं मराठी बोलायचे.

"हजार तरी करू."

नऊशे बारा झाले. दुपारी पंखा बंद, कुकर बंद, खिडकीला गोधडी. मी यादी धरायची आणि त्यांनी माइकमध्ये वाचायचं. पहिल्या दिवशी ते रेडिओवर बातम्या द्यायला बसल्यासारखे वाचत होते. आई ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "अहो, असं कधी बोलता का तुम्ही? 'कुठे' काय! 'खंय' म्हणा." मग 'खंय' भरला. 'माका', 'तुका', 'बरा', 'गो' भरले. 'नको' दोन प्रकारे भरला, एक साधा आणि एक वैतागलेला. 'भीती' भरायला ते तयार नव्हते. "तो कित्याक होयो? कशाला?" म्हणाले. यादीत आहे ना, असं म्हणून मी तो भरून घेतला.

एक शब्द मात्र त्यांनी दिलाच नाही. मी यादीत आईचं नाव लिहिलं होतं. त्यांनी कागदावर बघितलं, हसले, आणि म्हणाले, "तिका मी नावान कधी हाक मारलंय? 'गो' आसा ना." आई ओट्याकडे तोंड करून भांडी पुसत राहिली.

ऑपरेशन झालं. बाबांच्या गळ्याला पुढून एक भोक आलं, श्वास तिथून. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र हॉस्पिटलमधून मिळालं होतं. बाबांनी ते एकदा लावलं, त्यातून जो आवाज आला तो ऐकला आणि ते कपाटात सर्वांत वर टाकून दिलं. मी रात्रंदिवस बसून घरातल्या विंडोजच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम पुरा केला. दिसायला अगदी गबाळा. करड्या रंगाची खिडकी, शब्दांच्या बटणांच्या ओळी. शब्द क्रमानं दाबायचे, मग खालचं हिरवं 'बोल' दाबायचं. प्रत्येक शब्दाला एक नंबर दिलेला. जो शब्द जास्त लागतो तो वरच्या ओळीत यावा म्हणून मी आत एक नोंदीची फाइल ठेवली होती: तारीख, वेळ, आणि त्या वेळी बोललेल्या शब्दांचे नंबर. ती ठेवल्याचं मी पुढे विसरून गेले.

बाबा या प्रोग्रॅमनं चार वर्षं बोलले. दोन शब्दांमध्ये फट पडायची, वाक्य टाके उसवल्यासारखं यायचं. "चहा. होयो. गो." पण आवाज त्यांचा होता. कान त्या फटींना सरावले. आईचं आणि त्यांचं भांडणसुद्धा व्हायचं, ते वैतागलेला 'नको' पाच वेळा दाबायचे आणि आई म्हणायची, "एकदा कळलं मला." मग छातीत जंतुसंसर्ग झाला आणि एका सकाळी हॉस्पिटलात ते गेले. लॅपटॉप घरी होता.

त्यानंतर मी मुलुंडला राहायला गेले आणि अंधेरीला एमआयडीसीत नोकरी धरली. आमच्या ऑफिसात सगळं विंडोजऐवजी लिनक्स या दुसऱ्या सिस्टिमवर. तिथे जेवायच्या सुट्टीत हमखास एक वाद रंगायचा. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम लिनक्सवर तसाच चालत नाही. पण मधे एक थर घालता येतो. प्रोग्रॅम जे मागेल, म्हणजे खिडकी काढ, फाइल उघड, आवाज काढ, ते हा थर लिनक्सला त्याच्या भाषेत सांगतो. प्रोग्रॅमला वाटत राहतं की आपण आपल्याच घरी आहोत. त्याच्यासाठी खोटी सी ड्राइव्हसुद्धा तयार होते. काहींचं म्हणणं, चालतंय ना, मग झकास. काहींचं म्हणणं, हे ठिगळ आहे. लिनक्सवर राहायचं तर प्रोग्रॅम लिनक्ससाठीच लिहा. मी दुसऱ्या गटातली, आणि जरा जास्तच कडक.

बाबांना जाऊन तीनेक वर्षं झाली असतील, आईचा फोन आला. "ते बंद पडलंय."

"काय?"

"यांचं."

लॅपटॉप. मला वाटलं होतं तो कपाटात असेल; दर रविवारी जायचे तेव्हा तो कधी बाहेर दिसला नव्हता. त्या रविवारी विक्रोळीला आईकडे गेले तर तो खिडकीपाशी टेबलावर होता, झाकण पुसलेलं, बॅटरी फुगून खालचा पत्रा वर आलेला. बोर्ड गेला होता. हार्ड डिस्क मात्र शाबूत निघाली. मी म्हटलं, सगळं काढून ठेवते, जपून ठेवते.

"जपून ठेवू नको," आई म्हणाली. "चालू करून दे."

मी एक छोटा डेस्कटॉप घेऊन गेले, त्यावर लिनक्स घातलेलं. प्रोग्रॅमचा मी लिहिलेला मूळ कोड ज्या सीडीवर होता ती केव्हाच वाचेनाशी झाली होती; राहिली होती फक्त तयार झालेली फाइल. ती जशीच्या तशी चालवायची तर थर घालणं भाग होतं. आईनं विचारलं, "कशानं चालवणार?"

"वाइननं."

"वाइन? देवाच्या फोटोखाली?"

"नाव आहे गं त्या सॉफ्टवेअरचं."

चालला. खिडकी उघडली, तशीच करडी. मराठी अक्षरं सुरुवातीला चौकोन-चौकोन आली, जुना फॉन्ट घातल्यावर नीट झाली. वरच्या ओळीत बाबांचे नेहमीचे शब्द अजून होते. मी 'बरा' दाबला, मग 'बोल'. काहीच झालं नाही. मी आईकडे बघायला वळले आणि तेवढ्यात मागून बाबा म्हणाले, "बरा."

अर्धा-पाऊण सेकंद उशीर होता. थराला आवाज पोचवायला वेळ लागत होता. मी सेटिंग बदलून बघितलं, कमी होईना. आईला त्याचं काहीच वाटलं नाही. "आता विचार करून बोलतात," ती म्हणाली.

मला मात्र वाटलं. माझ्या बापाचा आवाज ठिगळावर चालतोय, उद्या कुठलंसं अपडेट येईल आणि तो बंद पडेल. मी ठरवलं, हाच प्रोग्रॅम लिनक्ससाठी नव्यानं लिहायचा. नऊशे बारा आवाजांच्या फाइली होत्याच. दोन-तीन आठवडे घरी काम करत होते. मांडणी छान केली, बटणं मोठी केली, आईचे डोळे अधू म्हणून. वरच्या ओळीत बाबांचे शब्द त्यांच्या सवयीच्या क्रमानं यावेत म्हणून शोधाशोध करताना ती विसरलेली नोंदीची फाइल आठवली; आईच्या डेस्कटॉपवरून इंटरनेटनं घेऊन ती उघडली. नुसते नंबर. मी चार ओळींचा कोड लिहिला, नंबर द्या, शब्द मिळवा. एका शनिवारी सकाळी तो चालवला, आणि पडद्यावर बाबांचं बोलणं खालून वर सरकायला लागलं. चार वर्षांचं, तारीख-वेळेसकट.

मी चहा घेऊन वाचायला बसले. आई सकाळी बालवाडीत कामाला जायची, दहा ते दोन. त्या वेळात घरी बाबा एकटे असायचे, मग हे अकरा वाजता कुणाशी बोलत होते? एका तारखेला अकरा पाचला: "भाजी बरी होती." अकरा सातला: "आज भाजी बरी होती." अकरा नऊला: "गो, आज भाजी बरी केलंस." आणि त्याच संध्याकाळी सात वाजता, एकदाच: "गो, आज भाजी बरी केलंस."

सराव करायचे. संध्याकाळी आईसमोर बटणं शोधत बसायला लागू नये, वाक्य पटकन यावं, म्हणून सकाळी एकटे बसून जुळवून ठेवायचे. पानांमागून पानं तेच होतं. सकाळी पाच-सहा वेळा, संध्याकाळी एकदा. आम्हाला वाटायचं, बाबांना आता हे सहज जमायला लागलंय.

काही वाक्यं फक्त सकाळी होती. शेवटच्या वर्षात तर बरीच. "माका भीती वाटता." अकरा वीस, अकरा बावीस, अकरा चाळीस. दुसऱ्या दिवशी परत. संध्याकाळी ते वाक्य कधीच आलं नाही. संध्याकाळी 'बरा' होतं.

चहा गार झाला. मी खाली सरकत गेले, त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत. हॉस्पिटलात नेलं त्या दुपारचं "चल." तिथे फाइल संपायला हवी होती. पुढे ओळी होत्या.

बाबा गेल्यानंतर सतरा दिवसांनी, दुपारी तीन दहाला: "होय." तीन अकराला: "चहा होयो." तीन बाराला: "बस गो."

पहिल्यांदा मी जे धंद्यानं शिकले तेच केलं, लॅपटॉपच्या घड्याळावर संशय घेतला. आतला सेल गेला की तारीख चुकते. पण तारखा ओळीनं होत्या, रविवारी नोंद नव्हती, दिवाळीत चार दिवस नव्हती. बाकी रोज, तीनच्या सुमाराला. "खंय होतंस?" "होय." "बरा केलंस." "मी हय आसंय", म्हणजे मी इथे आहे. तीन वर्षं. नव्या डेस्कटॉपवरच्या, परवाच्या तारखेपर्यंत. भर सकाळी, खाली भाजीवाला ओरडत असताना, मी उठून माझ्या घराच्या दाराची कडी लावली. मग परत येऊन बसले आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रविवारी मी असायचे. दिवाळीत आई माझ्याकडे असायची. बालवाडी दोनला सुटते. ती घरी येते, जेवते, भांडी करते, आणि तीनला बसते.

एका जागी दोन शब्द पुन्हा पुन्हा आले होते, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मी ते तोंडानं म्हणून बघितले. जोडून म्हटले की आईचं नाव होत होतं, जवळपास. ते शब्द इथे लिहिले तर नाव कळेल, म्हणून लिहीत नाही. एका महिन्यात तिनं ते चाळीसएक वेळा दाबले होते आणि मग सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नवा प्रोग्रॅम घेऊन विक्रोळीला गेले. आईच्या डेस्कटॉपवर घातला. आईनं चष्मा लावून तो बघितला, "छान दिसतंय" म्हणाली, आणि 'होय' दाबला. बोटाबरोबर बाबा म्हणाले, "होय." आईनं हात मागे घेतला.

"एवढ्या पटकन कधी उत्तर दिलंय यांनी?"

"आई, आवाज तोच आहे. त्याच फाइली आहेत."

तिनं एक वाक्य लावून बघितलं. मी फटी काढून टाकल्या होत्या, शब्द एकमेकांना लागून येत होते. तिनं ऐकलं आणि मान हलवली. "हे बातम्या देणारे झाले. जुनं कुठाय? ते काढलं नाहीस ना?"

"नाही." मग मी म्हटलं, "आई, तू दुपारी ते लावतेस?"

ती टेबलावरची धूळ पदरानं पुसायला लागली. धूळ नव्हती. "सेल्समन येतात गं दुपारचे. बाई एकटी आहे कळायला नको. आतून 'कोण आसा' म्हटलं की जातात."

"आणि 'बस गो' कुणाला?"

तिनं पदर सोडला. "तुला कसं कळलं?"

मी नोंदीच्या फाइलचं सांगितलं. सकाळच्या सरावाचंही सांगितलं. 'भीती'चं नाही सांगितलं, ते आजतागायत सांगितलेलं नाही. भाजीचं ऐकून ती हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे भाजी चांगली झाली असं यांना सकाळीच माहीत असायचं होय."

मग तिनं सांगितलं. दोनला घरी यायचं तर आत शिरताना बोलायची सवय. आज अमकी मुलं आली नाहीत, तमकीला ताप होता. बाबा 'होय' दाबायचे. ते गेल्यावर ती तशीच बोलत आत यायची आणि मधली जागा रिकामी जायची. "मग एक दिवस मीच दाबलं. वेड लागलंय असं समजू नको. मला माहितीय मी दाबतेय."

"ते मी कुठे म्हटलं?"

"तोंडावर दिसतंय तुझ्या."

नावाचं मी त्या दिवशी विचारलं नाही. पण ते डोक्यातून जाईना. ऑफिसात एका दुपारी हेडफोन लावून मी ते दोन शब्द उघडले. नव्या प्रोग्रॅमच्या फाइली मला हव्या तशा कापता येत होत्या. एकाचा शेवट काढला, दुसऱ्याची सुरुवात, सूर थोडा खाली आणला, जोड घासून घेतला. दाबलं. बाबांनी आईला नावानं हाक मारली. अगदी स्वच्छ, दुसऱ्या खोलीतून मारावी तशी. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. शेजारचा सहकारी विचारत होता, काय गं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, डोकं दुखतंय.

पुढच्या रविवारी मी ते आईला ऐकवलं. ऐकवायला नको होतं, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं, तिला हवंय आणि मला करता येतंय, तर का नको. ती पोह्यांना फोडणी देत होती. मी लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि दाबलं.

तिनं आधी गॅस बंद केला. नंतर म्हणाली, "परत लाव." लावलं. ती ओट्याला धरून उभी. मग म्हणाली, "पुसून टाक."

"आई—"

"पूस म्हटलं ना. कोण हाक मारतोय ही?"

"तू स्वतःच जुळवून बघत होतीस. चाळीस वेळा."

"हो. तसं येतं का बघत होते." ती खुर्चीवर बसली. "एकदा मारली होती यांनी. ऑपरेशनला आत नेत होते तेव्हा. तू फॉर्म भरायला गेली होतीस. स्ट्रेचर दारात होतं, हे वळले आणि नावानं हाक मारली. पहिल्यांदाच. मी घाबरले, म्हटलं काय झालं यांना. तर काही नाही म्हणाले. मग दार लागलं." कढईत मोहरी तशीच तेलात बसली होती. "तशी होती ती. ही नाही. ही ऐकत राहिले तर ती जाईल माझ्या कानातनं."

मी तिच्यासमोर ती फाइल पुसली. घरी जाऊन तिथली प्रत पुसली, ऑफिसातली पुसली. तरी कधीतरी दुपारी, कामात असताना, ती हाक मला ऐकू येते. आईच्या कानातली मला कधी मिळणार नाही. माझ्या कानात मी बनवलेली बसलीय.

नवा प्रोग्रॅम मी आईच्या डेस्कटॉपवरून काढला. त्या डेस्कटॉपचं इंटरनेटही काढलं. लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांत जुन्या प्रोग्रॅमना लागणारे भाग कमी होत चाललेत, एखाद्या अपडेटनं थर हलला की बाबा गप्प होतील. तशीच एक हार्ड डिस्क मी भरून माझ्याकडे ठेवलीय. ऑफिसात आता तो वाद निघाला की मी डबा खाते, बोलत नाही.

गेल्या महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तिला सगळंच लख्ख दिसायला लागलं, भिंतीवरची भेग, माझे पांढरे केस. मी तिच्याकडे होते तेव्हा तिनं खुर्ची पुढे ओढून बटणं वाचायला सुरुवात केली आणि मला हाक मारली.

"हे काय लिहिलंयस? 'दुध'?"

बघितलं तर खरंच. 'दु' ऱ्हस्व. कॉलेजातली घाई.

"चार वर्षं यांनी हेच दाबलं? आणि बोलले नाहीत?"

"'शुद्धलेखन' शब्द नव्हता ना यादीत."

"दुरुस्त कर."

"नाही होणार. मूळ कोड गेला. हा आता आहे तसाच राहणार."

बालवाडीत इतकी वर्षं मुलांना अक्षरं गिरवायला लावणारी बाई. तिला ते सोसत नव्हतं. मग तिनं ते दाबलं, 'बोल' दाबलं, आणि बाबांनी स्वच्छ, दीर्घ दू काढून तो शब्द म्हटला.

"बघ," आई मला म्हणाली, "यांना येत होतं."